गूंच मासा खरंच माणसं ओढतो का? टीव्हीवरचे नदीतले 'राक्षस' मुलांसोबत कसे पाहावेत

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सहावीतल्या तुमच्या मुलाने टीव्हीवर हिमालयातल्या एका नदीतल्या अजस्र माशाचा कार्यक्रम पाहिला. पोहणाऱ्यांना खाली ओढून नेणारा मासा असं त्यात दाखवलं होतं. तेव्हापासून तो सांगली जिल्ह्यात आजोळी गेला की कृष्णेत पायसुद्धा घालत नाही. मामा म्हणतो, "सगळं खोटं दाखवतात, घाल उडी." आणि तुम्ही विचारताय की यात खरं कोण, आणि हे कार्यक्रम बंद करावेत का.

कार्यक्रम बंद करू नका. आणि मामाचंही ऐकू नका. का, ते सांगतो.

मी गोड्या पाण्यातल्या माशांवर काम करतो. त्याच्या जोडीने गेली बरीच वर्षं माहितीपटांच्या संहिता शास्त्रीय बाजूने तपासून देतो. त्यामुळे चित्रीकरणाआधी कागदावर काय असतं आणि संकलन झाल्यावर पडद्यावर काय उरतं, हे दोन्ही बघायला मिळतं. त्या अनुभवावरून एक गोष्ट नक्की सांगू शकतो: चांगल्या वाहिनीवरच्या अशा कार्यक्रमात सुटी सुटी विधानं बहुतेक वेळा बरोबर असतात. माशाची लांबी बरोबर असते, नदी तीच असते, गावकरी खरे असतात, त्यांचं दुःखही खरं असतं. गडबड होते ती ही विधानं कोणत्या क्रमाने लावली जातात तिथे. तुमच्या मुलाला खोटं सांगितलं गेलेलं नाही. त्याच्यापुढे खऱ्या गोष्टी अशा ओळीत मांडल्या गेल्या की शेवटी त्याला एकच निष्कर्ष काढता आला.

तुम्ही केलेल्या वर्णनावरून तो 'रिव्हर मॉन्स्टर्स' या मालिकेचा, काली नदीतल्या गूंच माशावरचा भाग असावा. ॲनिमल प्लॅनेटवर २००९ ते २०१७ ही मालिका चालली. जेरेमी वेड हे ब्रिटिश सूत्रधार, शिक्षण जीवशास्त्राचं, आयुष्य गळ टाकण्यात गेलेलं. काली ही भारत आणि नेपाळच्या सीमेवरून वाहणारी नदी, खाली मैदानात उतरल्यावर तिला शारदा म्हणतात. १९९८ ते २००७ या काळात तिच्या काठच्या काही गावांत पोहणारे अचानक पाण्याखाली गेले आणि परत आले नाहीत, अशा घटना गावकरी सांगतात. कार्यक्रमाने मांडलेली शक्यता अशी: काठावर चिता पेटतात, अर्धवट जळालेले देह पाण्यात जातात, त्यावर गूंच पोसतात, मोठे होतात आणि माणसाच्या मांसाला चटावतात. मग वेड ७० किलोंहून जास्त वजनाचा गूंच गळाला लावतात. मासा खरोखर प्रचंड आहे, तोंड उघडतं, दातांच्या रांगा दिसतात, आणि प्रेक्षकाच्या मनात खटल्याचा निकाल लागून जातो.

आता हीच संहिता माझ्याकडे तपासायला आली असती तर मी कशी वाचली असती, ते बघा. मी आधी प्रत्येक वाक्यापुढे एक खूण करतो: हे कुणी पाहिलं, की हे जोडलं? माणूस बुडाला, हे पाहिलेलं आहे. तो एकदम खाली गेला, हेही पाहिलेलं. नदीत मोठे गूंच आहेत, हे पाहिलेलं. गूंच मेलेलं मांस खातो, तेही मानता येईल, कारण तळाशी राहणारे बरेच मांसाहारी मासे ते खातात. पण माशाने माणसाला ओढलं, हे जोडलेलं आहे. मेलेलं मांस खाणं आणि जिवंत, हातपाय मारणाऱ्या माणसावर झडप घालणं यांत फार मोठं अंतर आहे, आणि ते अंतर ओलांडायला कार्यक्रमाकडे साक्षी आणि भीती यांखेरीज काही नाही. डोंगरातल्या नदीत भोवरा माणसाला खाली खेचतो तेव्हा काठावरच्याला नेमकं तेच दिसतं: माणूस होता, आवाज न करता गेला, पाणी पुन्हा सपाट झालं. साक्षीदार खोटं बोलत नसतो. त्याला कारण दिसलेलं नसतं, परिणाम दिसलेला असतो.

दुसरी खूण मी माशाच्या शरीरापाशी करतो. गूंच हा तळाला चिकटून राहणारा मासा. पोटाकडून चपटा, अंगावर खरखरीत गाठी, वेगवान पाण्यात खडकाआड दबून बसायला बनलेला. समोरून मासा किंवा कोळंबी गेली की तोंड उघडून एका घासात आत घ्यायची, ही त्याची शिकार. दात आहेत, भरपूर आहेत आणि टोकदार आहेत, पण ते निसटणारं भक्ष्य धरून ठेवायला. मांसाचा लचका तोडण्याची सोय त्याच्या जबड्यात नाही. म्हणून त्याचं भक्ष्य त्याच्या तोंडात मावेल एवढंच असतं. मोठ्या माणसाला तो गिळू शकत नाही. त्याने कुणाचा पाय कधीच धरला नसेल असं मात्र मी म्हणणार नाही. युरोपातला वेल्स हा आपल्या शिवड्यासारखा लांबलचक, बिनखवल्यांचा मासा घरट्याजवळ आलेल्या पोहणाऱ्यांना चावल्याच्या नोंदी आहेत. जून २०२५ मध्ये जर्मनीतल्या ब्रॉम्बाखझे तलावात सुमारे दोन मीटर लांबीच्या वेल्सने काही जणांना चावे घेतले आणि पोलिसांनी त्याला गोळी घातली. जखमा किरकोळ होत्या. अंडी राखणारा नर जवळ आलेल्याला हुसकावतो, ही त्याची साधी वृत्ती आहे, आणि बहुधा तिथेही तेच झालं असावं.

तिसरी गोष्ट चित्राची. गूंच राहतो तिथलं पाणी जोरकस आणि बऱ्याचदा गढूळ असतं. त्याच्या तोंडाचं स्वच्छ, जवळून घेतलेलं चित्र दिसलं की समजायचं, बहुधा मासा पकडून उथळ पाण्यात आणल्यावरचं किंवा टाकीतलं ते चित्र आहे. पाण्याखालून वर बघणारा कॅमेरा पोहणाऱ्याचे पाय दाखवतो, जणू मासाच बघतोय. तो पोहणारा चित्रीकरणासाठी उतरवलेला असतो. मासा हात लांब करून कॅमेऱ्यासमोर धरला की मागच्या माणसाचं डोकं लहान दिसतं आणि मासा दीडपट वाटतो. आणि त्यावरचे ते घुमणारे ढोल संकलनाच्या खोलीत चढवलेले असतात. यातल्या एकाही गोष्टीला मी लबाडी म्हणणार नाही, ही माध्यमाची रीत आहे. पण मुलाला ती माहीत हवी. मुलाला चित्र थांबवून विचारा, "आत्ता कॅमेरा कुठे ठेवलाय रे?" सहावीतल्या मुलाला हे ओळखण्यात फार मजा येते, आणि एकदा ओळखता आलं की भीतीची पकड सैल होते.

वेड यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगायला हवं. ते बहुतेक मासे परत सोडतात. भागाच्या शेवटी ते सांगतात की हा प्राणी दुष्ट नाही, तो दुर्मीळ होत चाललाय. गूंचचं नाव भारताबाहेर लाखो लोकांना त्यांच्यामुळे कळलं. मालिका संपल्यावर २०१८ मध्ये त्यांनी मोठ्या नद्यांच्या प्रकृतीवर वेगळी मालिका केली, त्यात भीतीचा सूर उतरलेला दिसतो. म्हणजे माणूस तोच, मासेही तसेच, आणि चौकट बदलली की प्रेक्षकाच्या मनातला मासाही बदलतो. माझी तक्रार चौकटीशी आहे. पाऊण तास 'मारेकरी कोण' हा प्रश्न वाजत ठेवायचा आणि शेवटच्या दोन मिनिटांत 'बिचारा मासा' म्हणायचं. मुलाच्या लक्षात काय राहणार? जाहिरातीआधी प्रत्येक वेळी जे पुन्हा दाखवलं तेच.

आणि त्या पाऊण तासात काय सांगायचं राहून जातं, ते मला जास्त टोचतं. त्याच काली नदीवर पंचेश्वर इथे सुमारे ३१५ मीटर उंचीच्या धरणाची योजना आहे. भारत आणि नेपाळ यांच्यातला १९९६ चा महाकाली करार तिच्या मुळाशी आहे. धरण अजून झालेलं नाही. झालं तर वाहत्या, खडकाळ पात्राचा मोठा पट्टा साचलेल्या पाण्याखाली जाईल. गूंचला वाहतं पाणीच लागतं. शिवाय डोहात सुरुंग लावून मासे मारणं आहेच. १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून स्फोटकं आणि विष वापरून मासेमारी करायला आपल्याकडे बंदी आहे, तरी ती चालते, आणि तिचा सगळ्यात मोठा फटका डोहाच्या तळाशी बसणाऱ्या मोठ्या माशाला बसतो. ज्या माशाला नरभक्षक ठरवलंय त्याच्या डोहात जिलेटिनची कांडी फेकणाऱ्याला कोण अडवणार?

बदनाम झालेल्या माशाला कुणी वाचवत नाही, ही भीती नुसती कल्पना नाही, अमेरिकेत ती पुरती घडून गेलीय. ॲलिगेटर गार नावाचा मासा तिथल्या दक्षिणेकडच्या नद्यांत राहतो. मगरीसारखं लांब तोंड, चिलखतासारखे खवले. मिसिसिपी राज्यात २०११ मध्ये जाळ्यात सापडलेला एक गार सुमारे १४८ किलोंचा होता. हा मासा हौसेने गळाला लावायचे आणि खाण्याचे मासे फस्त करतो आणि माणसांवर धावून जातो असा समज विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्का झाला. मग त्याला मारणं हे पुण्याचं काम ठरलं. १९३० च्या दशकात टेक्सासमध्ये गार मारण्यासाठी विजेचा झटका देणारी खास बोट बांधली होती. पुढे अभ्यासकांनी त्याच्या पोटातलं अन्न तपासलं तेव्हा बहुतेक करून ज्यांना मच्छीमार फारशी किंमत देत नाहीत असे मासे निघाले. माणसावर हल्ला केल्याची एकही पक्की नोंद नाही. (त्याची अंडी मात्र विषारी असतात. खरा धोका खाणाऱ्याला आहे.) मादी अंड्यावर यायलाच दहाएक वर्षं लागतात, अंडी घालायला पूर आलेला गवताळ काठ लागतो, म्हणून मारलेली संख्या भरून यायला पिढ्या जातात. टेक्सासने २००९ पासून एका माणसाला दिवसाला एकच गार, असा नियम केला. इलिनॉयसारख्या राज्यात तो पार नाहीसा झाला होता, तिथे आता पिल्लं सोडून परत आणावा लागतोय. आधी मारायला खर्च, मग परत आणायला खर्च.

पिरान्हाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९१३-१४ मध्ये ब्राझीलच्या जंगलात फिरले, १९१४ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि तिथून पिरान्हाचा दरारा जगभर गेला. ॲन मॅगुरन यांच्या संशोधनातून दिसलं की लाल पोटाचे पिरान्हा कळपाने राहतात ते मुख्यतः स्वतःला वाचवायला. डॉल्फिन, केमन मगरी, मोठे मासे त्यांना खातात. आपल्या बाजारात 'रूपचंद' म्हणून मिळतो तो पाकू त्यांचाच दूरचा भाऊबंद, शेततळ्यात पाळलेला. तो कुठल्या तलावात सापडला की "पिरान्हा सापडला" अशी बातमी होते. मुलाला एकदा मासळी बाजारात न्या आणि रूपचंदचे दात दाखवा. चपटे, दाढांसारखे, फळं आणि बिया फोडायला केलेले दात आहेत ते.

याउलट, मोठा मासा भीतीशिवायही किती रंगतदार दाखवता येतो याचं माझं आवडतं उदाहरण ॲमेझॉनमधल्या अरापाइमाचं आहे. अडीच-तीन मीटरपर्यंत वाढणारा हा मासा हवेतून श्वास घेतो. त्यामुळे त्याला थोड्या थोड्या वेळाने पृष्ठभागावर यावंच लागतं. ब्राझीलमधल्या मामिराउआ भागातले कोळी या सवयीचा उपयोग करून माशांची मोजदाद करतात. होडीत बसायचं, ठरलेल्या वेळात किती अरापाइमा श्वासाला वर आले ते कानाने आणि डोळ्याने टिपायचं. मोजलेल्या संख्येवरून किती मासे पकडायचे ते ठरतं. ही पद्धत सुरू झाल्यावर तिथल्या तळ्यांत अरापाइमा पुन्हा वाढला. यात उत्कंठा आहे, कौशल्य आहे, पैशाचा व्यवहार आहे, भांडणंही आहेत. पाऊण तास सहज भरेल. अशी संहिता समोर आली की मला ती तपासताना सुधारायला फार काही लागत नाही, कारण निरीक्षण आणि गोष्ट एकच असते.

मेकाँगमधला महाकाय कॅटफिशही असाच. २००५ मध्ये थायलंडमध्ये २९३ किलोंचा एक सापडला होता. एवढा अवाढव्य मासा, आणि मोठेपणी त्याला दातच नसतात, शेवाळ आणि वनस्पती खातो. तो अतिसंकटग्रस्त आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार १९७० ते २०१२ या काळात गोड्या पाण्यातल्या महाकाय प्राण्यांची संख्या सरासरी ८८ टक्क्यांनी घटली, आणि त्यातल्या माशांची ९४ टक्क्यांनी. 'नदीत राक्षस किती' असं विचारणाऱ्या मुलाला हा आकडा जरूर सांगा.

आपल्याकडचं एक सांगतो, मुलाला आवडेल. हिमालयातला मोठा गूंच शास्त्रात बराच काळ ज्या नावाने ओळखला गेला, ते बॅगेरियस यारेली हे नाव कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशाचं वर्णन करताना दिलं होतं. म्हणजे टीव्हीवरच्या त्या 'राक्षसा'च्या भाऊबंदांची शास्त्रात नोंद पुण्यात झाली. तेव्हाच्या मुळा-मुठेत तो मासा राहू शकत होता. आज त्याच पात्रात काय राहू शकतं, हे पुलावर उभं राहून मुलालाच बघू द्या. आणि जमलं तर महाडजवळ काळ नदीवरच्या वाळण कोंडीला घेऊन जा. देवीचा डोह म्हणून तिथे मासे मारत नाहीत, म्हणून मोठे महसीर काठापाशी येतात. आपल्या हाताएवढा लांब मासा आपल्या पायापासून दोन हातांवर शांत फिरताना पाहिला की टीव्हीवरच्या माशाला मनात दुसरा जोडीदार मिळतो.

आता कृष्णेचं. इथे परिस्थितीवर फार काही अवलंबून आहे, म्हणून नीट वाचा.

कृष्णेत शिवडा आहे, मरळ आहे, वाम आहे. यांतला कोणताही मासा तुमच्या मुलाला ओढून नेणार नाही. शिंगाळ्याचा काटा लागला तर हात ठणकतो, तेवढंच. पण सांगली जिल्ह्यातल्या कृष्णेत मगरी आहेत, आणि त्यांनी माणसांवर हल्ले केलेले आहेत. म्हणूनच मामाच्या "घाल उडी"ला माझा विरोध आहे. मुलाची भीती पूर्ण चुकीची नाही, तिने आरोपी चुकीचा धरलाय. त्यातही मगरीच्या माद्या उन्हाळ्यात काठाच्या वाळूत घरटी करतात आणि मे-जूनच्या सुमारास पिल्लं बाहेर येतात, म्हणजे नेमकी मुलांच्या सुट्टीची वेळ. त्या दिवसांत मादी घरट्याजवळ कुणाला फिरकू देत नाही. दुसरा धोका वाळू उपशाच्या खड्ड्यांचा. गुडघाभर पाण्यात चालता चालता एका पावलावर पुरुषभर खोली लागते, आणि बाहेरून काही कळत नाही. तिसरा, वरच्या धरणातून सोडलेल्या विसर्गाचा. पाणी चढतं आणि ओढ वाढते. कुणी मोठा मासा दिसल्याची कुजबूज या तिन्हींपैकी कशावरही पांघरूण घालू शकते, आणि काली नदीच्या काठीही असंच काही घडलं नसेल असं मला म्हणता येत नाही.

तेव्हा या सुट्टीत असं करा. तो भाग मुलासोबत पुन्हा बघा, रिमोट त्याच्या हातात द्या. 'पाहिलेलं' आणि 'जोडलेलं' असे दोन रकाने पाडलेल्या कागदावर त्याला वाक्यं लिहू द्या. मध्ये बोलू नका, तो स्वतःच अडखळेल तिथे थांबेल. मग गावात गेल्यावर मामाला बाजूला ठेवून रोज जाळं टाकणाऱ्या एखाद्या भोयाकडे त्याला न्या आणि त्याचे प्रश्न त्यालाच विचारू द्या. मगर कुठल्या वळणावर बसते, कुठल्या डोहात कुणी उतरत नाही, कुठे खड्डे आहेत, हे त्या माणसाला पाठ असतं. त्याने जिथे "इथे नको" म्हटलं तिथे कुणीच उतरायचं नाही, मामानेसुद्धा. जिथे त्याची मुलं पोहतात तिथे, दिवसाउजेडी, मोठं माणूस पाण्यात असताना, तुमचा मुलगा पोहू शकेल. त्याची इच्छा नसेल तर आग्रह करू नका, काठावरून बघितलं तरी चालेल.

आजोळ नदीच्या नेमक्या कोणत्या पट्ट्यात आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. पलूस, वाळवा, मिरज या तालुक्यांतलं गाव असेल तर भोयाखेरीज वनखात्याच्या स्थानिक कर्मचाऱ्यालाही विचारून घ्या. यंदा घरटी कुठे आहेत हे त्यांना माहीत असण्याची शक्यता जास्त, आणि ती जागा दर वर्षी तीच राहील असं नसतं.